धरणात प्लॅनर बोर्ड लावून क्रँकबेट कसं ओढावं

कण्हेर, उरमोडी, धोम या साताऱ्याकडच्या धरणांचे बरेचसे काठ म्हणजे डोंगराचे उतारच आहेत. काठापासून थोडं आत गेलं की पाणी एकदम खोल होतं. शिवडा आणि खडस (म्हणजे आपला महसीर) बारक्या माशांच्या मागे याच उतारावर फिरतात. त्यांच्या डोक्यावरून होडी नेली की ते बाजूला सरकतात आणि होडीच्या थेट मागे ओढलेलं क्रँकबेट (माशासारखं दिसणारं, ओढलं की खाली बुडी मारणारं खोटं आमिष) रिकाम्या पाण्यातून जातं. प्लॅनर बोर्ड, म्हणजे दोऱ्याला लावायची तरंगती फळी, हवा तो एवढ्यासाठी. होडी खोल पाण्यात राहते आणि बोर्ड दोऱ्याला दहा-पंधरा मीटर बाजूला, काठाकडे खेचून नेतो.

धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय होडी घालू नका. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर यांचा विचारही करू नका, ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे. रात्रीची जाळी सकाळी उचलून होईपर्यंत काठावर थांबा. क्रँकबेटचे तीन तोंडांचे दोन गळ कुणाच्या जाळ्यात अडकले की त्या माणसाचं जाळं फाटतं आणि दिवसाची कमाई जाते. लाइफ जॅकेट अंगावर हवं, होडीच्या तळाशी नाही.

दोऱ्याबाबत माझं मत पक्कं आहे: नायलॉनचा तंगूस, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा. व्हिडिओ पाहून लोक ब्रेडेड (विणलेला) दोरा भरून येतात. काठावरून फेकायला तो उत्तम, पण इथे त्याचे दोन तोटे होतात. बारीक आणि गुळगुळीत असल्याने तो बोर्डच्या दोरा धरणाऱ्या क्लिपमधून घसरतो, आणि जवळजवळ ताणलाच जात नसल्याने माशाचं तोंड फाटून गळ निघतो. तंगूस ताण खातो, तेच इथे हवं असतं.

बोर्ड विकत घ्या किंवा सुताराकडून करून घ्या. साधारण २५ सेंटिमीटर लांब, पुढचं टोक ४५ अंशांत तिरपं कापलेलं, खालच्या कडेला शिसं, म्हणजे तो पाण्यात उभा राहतो. तिरपा काप होडीच्या बाजूला ठेवा. त्यावर पाणी आपटतं आणि बोर्ड बाहेर ढकलला जातो. होडीच्या उजव्या आणि डाव्या बाजूचे बोर्ड वेगळे असतात.

क्रँकबेट आधी होडीशेजारी ओढून पाहा. ते एका बाजूला कलत असेल तर पुढची कडी पक्कडीने उलट बाजूला किंचित वाकवा.

मग क्रँकबेट मागे सोडा, पंधरा ते पंचवीस मीटर. तंगुसावर दर पाच मीटरवर मार्करने खूण करून ठेवली तर अंदाजाचं काम राहत नाही. हे अंतर बदललं की खोली बदलते: जास्त दोरा सोडला की क्रँकबेट खोल जातं, दोरा जाड असला की वर राहतं. अंतर ठरलं की बोर्ड दोऱ्याला लावा, पाण्यात ठेवा आणि रिळावर अंगठा ठेवून सावकाश बाहेर जाऊ द्या. वेग ताशी तीन ते चार किलोमीटर. वल्ह्याने तेवढा सहज मिळतो, फोनवर तपासा. वल्हं लांब आणि एकसारखं मारा.

आता क्लिप. बोर्डला दोन क्लिपा असतात, एक पुढे, एक मागे. पुष्कळ जण सांगतात, पुढची ढिली ठेवा, म्हणजे मासा लागला की ती आपोआप सुटेल. ऐकू नका. ढिल्या क्लिपमधून दोरा थोडा थोडा सरकत राहतो, तुम्ही मोजलेलं अंतर बिघडतं आणि क्रँकबेट कोणत्या खोलीवर चाललंय याचा पत्ता लागत नाही. दोन्ही क्लिपा घट्ट हव्यात, आणि बोर्ड हातानेच काढायचा.

हाताने काढण्याचा हा टप्पा मला सगळ्यात उशिरा जमला, आणि मासे सर्वांत जास्त सुटतात तेही इथेच. मासा लागला की बोर्ड मागे पडतो. झटका देऊ नका, बोर्डच्या ओढीनेच गळ रुतलेला असतो. रॉड उचला, टोक वर ठेवा आणि एका लयीत गुंडाळा. रॉड खाली-वर करू नका. टोक खाली आलं की दोरा सैल पडतो आणि माशाने डोकं झटकलं की गळ बाहेर. वल्हंसुद्धा थांबवायचं नाही, फक्त हळू करायचं. होडी थांबली की तीच सैल पुन्हा पडते.

म्हणून होडीत तिघं हवेत: एक वल्ह्यावर, एक रॉडवर, एक बोर्डसाठी. दोघांत हे काम नीट होत नाही. बोर्ड हाताशी आला की तिसऱ्याने तो पकडायचा, दोरा स्वतःकडे ओढायचा नाही आणि हाताला गुंडाळायचा तर मुळीच नाही. पुढची क्लिप आधी दाबायची, कारण ती सुटली की बोर्डची बाहेरची ओढ संपते. मग मागची. या दोन-तीन सेकंदांत रॉड वाकलेलाच राहिला पाहिजे. पहिल्यांदा हे कोरड्यावर करून पाहा, एकाने दोरा माशासारखा ओढायचा आणि दुसऱ्याने बोर्ड काढायचा. डोळे मिटून जमेपर्यंत करा.

मासा नसतानाही बोर्डवर नजर हवी. दोन्ही बोर्ड सारख्या रेषेत चालले पाहिजेत. एक जरासा मागे राहिला, पण ओढ दिसत नाही, तर पान किंवा शेवाळ अडकलंय, नाहीतर एखादी बारकी चिलापी लागलीये. लगेच गुंडाळून बघा. शेवाळ लागलेलं क्रँकबेट तासभर ओढलं तरी त्याला कोणी तोंड लावत नाही. बोर्डवर भगव्या कापडाची चिंधी बांधा, लाटांत लांबून दिसते. दुपारी वारा वाढला की बोर्डची चाल ओळखता येत नाही, तेव्हा परत फिरा.

वळण मोठं घ्या. आतला बोर्ड मंदावतो आणि त्याचं क्रँकबेट वर येतं, बाहेरचा जोरात पळतो. वळताना आतल्या बाजूला मासा लागला तर पुढच्या फेरीत वेग कमी करा, बाहेरच्या बाजूला लागला तर वाढवा.

मासा हातजाळ्यात घ्या आणि गळ पक्कडीनेच काढा. तीन तोंडी गळाजवळ बोटं नेऊ नका. खडस असेल तर त्याला हातजाळ्यातच, पाण्याबाहेर न उचलता मोकळा करा, तोंड पुढे धरून ठेवा, आणि त्याने स्वतः शेपूट मारल्यावरच सोडा.