हायस्कूलच्या फुटबॉलपटूंचे मूल्यमापन : टेक्ससमध्ये हे काम शिकताना

अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापन किंवा संख्याशास्त्र शिकायला येणारे मराठी विद्यार्थी अलीकडे अधूनमधून मला विचारतात, की कॉलेज फुटबॉलच्या खेळाडू-भरतीच्या कामात शिरकाव कसा करावा. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. टेक्ससमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेताना मी विद्यापीठाच्या फुटबॉल कार्यालयात विद्यार्थी साहाय्यक होते आणि पुढे हायस्कूलच्या खेळाडूंचे मूल्यमापन करणाऱ्या एका लहानशा सेवेत रुजू झाले. हा खेळ मी स्वतः कधी खेळलेले नाही, आणि इथल्या प्रशिक्षकांनी पहिल्या भेटीत ‘तू कुठे खेळलीस?’ असे विचारण्याची पद्धत आहे. त्या प्रश्नाला घाबरून परत फिरण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्या भेटीपासून तुम्ही लिहिलेला अहवालच पाहिला जातो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अकरा जणांच्या संघाचा फुटबॉल हायस्कूल स्तरावर सुमारे दहा लाख मुले खेळतात, तर सर्वोच्च पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, खेळणारी विद्यापीठे १३५ च्या आसपास आहेत. या दोन आकड्यांमधल्या दरीत मानांकनाचा, म्हणजे हायस्कूलच्या खेळाडूंना गुण आणि तारे देण्याचा, सगळा व्यवसाय उभा आहे. रायव्हल्स, टू-फोर्टी-सेव्हन स्पोर्ट्स आणि ईएसपीएन ही त्यातली ठळक नावे. टू-फोर्टी-सेव्हनच्या पद्धतीत ८० ते ८९ गुण म्हणजे तीन तारे आणि ९० ते ९७ म्हणजे चार तारे. पाच तारे वर्षाला साधारण ३२ मुलांनाच मिळतात, कारण व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, निवडप्रक्रियेतील पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तारा हे आजच्या खेळाचे प्रगतिपुस्तक नसून सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कुठे असेल, याचा तो अंदाज आहे. नवखी माणसे नेमकी इथेच गोंधळतात आणि हायस्कूलमध्ये धावून कापलेल्या यार्डांचे व टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला नेऊन गुण मिळवण्याचे) आकडे पुढे करतात. प्रतिस्पर्धी, डावपेचांची पद्धत आणि सामन्यांची संख्या शाळेगणिक इतकी बदलते, की त्या आकड्यांवरून दोन मुलांची तुलना करणे जवळजवळ निरर्थक असते.

म्हणून मी शिकाऊ मुलांना क्रमवारी लावायला सुरुवातीला मुळीच देत नाही. आधी अहवाल लिहायला लावते. अहवालाचे तीन भाग एकमेकांत मिसळू न देणे ही या कामातली मुख्य शिस्त आहे. स्वतः पाहिलेले किंवा मोजलेले एका ठिकाणी, कोणाकडून तरी ऐकलेले दुसऱ्या ठिकाणी आणि आपला अंदाज तिसऱ्या ठिकाणी. वाचायला हे सोपे वाटते. पण ‘सहा फूट सहा इंच उंचीचा, चपळ, पुढे मोठा होणारा टॅकल’ (टॅकल म्हणजे पुढच्या फळीत कडेला उभा राहून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणारा खेळाडू) या एका वाक्यात या तिन्ही गोष्टी कशा बेमालूम एकत्र येतात ते पाहा. उंची शाळेच्या पत्रकातून घेतलेली असते, चपळाई कोणत्या तरी चित्रफितीत दिसलेली असते आणि ‘पुढे मोठा होणारा’ हे लिहिणाऱ्याच्या मनातले असते. वाचणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र तिन्ही सारखीच पक्की वाटतात.

उंचीचेच घ्या. शाळेच्या पत्रकातली उंची ही बहुधा इच्छा असते. स्काउट मंडळी, म्हणजे खेळाडू हेरणारे, उंची चार अंकांत लिहितात. पहिला अंक फुटांचा, पुढचे दोन इंचांचे आणि शेवटचा इंचाच्या आठव्या भागांचा. त्यामुळे ६०४३ म्हणजे सहा फूट चार इंच आणि तीन अष्टमांश. पत्रकात सहा फूट सहा इंचांचा असलेला मुलगा शिबिरात अनवाणी उभा राहिला, की ६०४३ भरतो, आणि त्याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही. मात्र तेवढ्याने तो बाद होत नाही. हातांची लांबी, दोन्ही हात पसरून होणारा विस्तार आणि तळव्याची रुंदी मोजल्यावर कधी कधी असे दिसते, की उंचीत गमावलेले त्याने हातांत भरून काढले आहे, आणि टॅकलच्या जागेला हातांची लांबी अधिक उपयोगी पडते. प्रत्येक मापापुढे ते कोणी आणि कोणत्या तारखेला घेतले हे लिहावे, कारण या वयातली मुले उन्हाळ्याच्या एका सुट्टीत ओळखू न येण्याइतकी बदलतात.

वेगाची गोष्टही तशीच आहे. ‘चाळीस यार्ड ४.४ सेकंदांत’ असे सांगणारी मुले पैशाला पासरी भेटतील. घड्याळ हाताने दाबले, तर अंगठ्याच्या हालचालीमुळे वेळ कमी भरतो, आणि म्हणूनच ॲथलेटिक्समध्ये शंभर मीटरची हाताने घेतलेली वेळ विद्युत घड्याळाशी ताडताना त्यात ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. टेक्ससचे भाग्य असे, की इथले बरेच फुटबॉलपटू वसंत ऋतूत धावण्याच्या शर्यतींत उतरतात आणि त्या निकालांच्या याद्या सर्वांना पाहता येतात. शंभर मीटरची विद्युत घड्याळावरची वेळ मला शिबिरातल्या कोणत्याही दाव्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते. पुढच्या फळीतल्या धिप्पाड लाइनमनबाबत मी गोळाफेकीचे आणि कुस्तीचे निकाल शोधते. बारा पौंडांचा गोळा लांब फेकणाऱ्या मुलाच्या कमरेत आणि पायांत काय ताकद आहे, ते फुटबॉलच्या मैदानावर दिसायच्या आधीच कळलेले असते.

तरीही खरे काम चित्रफिती पाहण्याचेच आहे. जवळपास प्रत्येक शाळा आपले सामने हडल या सेवेवर चढवते आणि खेळाडू तिथेच आपली निवडक क्षणांची फीत तयार करतात. निवडक क्षणांची फीत ही ओळखपत्रासारखी पाहावी आणि लगेच पूर्ण सामना मागावा. दूरचित्रवाणीवर सामने पाहून आपल्या डोळ्यांना चेंडूमागे धावायची सवय लागलेली असते, ती मोडायला काही आठवडे जातात. लेफ्ट टॅकलचे मूल्यमापन करताना चेंडू कुठे गेला हे पहिल्यांदा पाहायचेच नाही. फीत थांबवून, मागे नेऊन, फक्त त्याच्या पायांकडे पाहायचे. चेंडू हलताच पहिली दोन पावले मागे आणि बाहेर पडतात का, की तो जागच्या जागी उठून उभा राहतो? वाकताना तो गुडघ्यांत वाकतो की कमरेत? कमरेत वाकणाऱ्याचे डोके पायांच्या पुढे जाते आणि चांगला प्रतिस्पर्धी त्याला ओढून सहज तोंडावर पाडतो. मग दुसऱ्यांदा तोच खेळ हातांसाठी पाहायचा. हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतून बसतात, की बाहेरून दंडांना विळखा घालतात? तिसऱ्यांदा, खेळ त्याच्या विरुद्ध बाजूला गेल्यावर तो काय करतो हे पाहायचे. तिथे थांबून कमरेवर हात ठेवणारा मुलगा मला फार दिसतो, आणि तो निवडक क्षणांच्या फितीत कधीच सापडत नाही. बाजूच्या कॅमेऱ्यातून अंतर कळते, तर गोलपोस्टामागच्या कॅमेऱ्यातून हात आणि पावले दिसतात, म्हणून दोन्ही कोन मिळवण्याचा आग्रह धरावा.

कॉर्नरबॅकचे, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूचे, सारे कंबर फिरवण्यात असते. मागे सरकत असताना रिसीव्हर एकदम दिशा बदलतो तेव्हा याची कंबर एका झटक्यात वळते, की मध्ये एक पाऊल वाया जाते, एवढेच पाहायचे. ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना हे लवकर उमगते, कारण चढाईपटूचे हात फसवतात, पण कंबर फसवत नाही. क्वार्टरबॅकविषयी मात्र मी नवख्यांना मत द्यायलाच मनाई करते. त्याच्या हाताची ताकद कोणालाही दिसते. पण त्याने बचावफळी वाचून निर्णय घेतला की प्रशिक्षकाने आखून दिलेल्या एकाच रिसीव्हरकडे फेकले, हे ओळखायला बराच काळ जावा लागतो.

समोर कोण होते, हे न लिहिलेला अहवाल अपुरा समजावा. टेक्ससमध्ये शालेय स्पर्धा चालवणारी यूआयएल ही संस्था पटसंख्येनुसार शाळांचे सहा वर्ग करते. सर्वांत मोठ्या शाळा ६ए मध्ये, तर सर्वांत लहानांपैकी अनेक शाळा ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद मैदानावर सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतात. डॅलसजवळच्या ॲलनसारख्या उपनगरात एकाच हायस्कूलचे अठरा हजार आसनांचे स्टेडियम आहे. तिथल्या मुलाला दर शुक्रवारी तोलामोलाचे प्रतिस्पर्धी भेटतात. उलट पश्चिम टेक्ससच्या एखाद्या गावातला मुलगा आक्रमणात आणि बचावात दोन्हीकडे खेळतो, त्यामुळे चौथ्या पावात, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात, तो दमलेला असणारच. अशा मुलाचा पहिला पाव नीट पाहावा आणि शेवटच्या पावातल्या सुस्तीवरून त्याच्या वृत्तीवर ताशेरे ओढू नयेत.

वयही तपासावे. यूआयएलच्या नियमानुसार १ सप्टेंबरला एकोणीस वर्षे पूर्ण न झालेला विद्यार्थी खेळू शकतो, आणि काही कुटुंबे मुलाला एक इयत्ता मुद्दाम मागे ठेवतात. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोघांत वर्षभराचे अंतर सहज असू शकते. मोठा असलेला आज अंगापिंडाने भरलेला दिसतो, पण धाकट्याची वाढ अजून शिल्लक असते. जन्मतारीख न पाहता या दोघांची क्रमवारी लावणे मला धाडसाचे वाटते.

क्रमवारी ठरवण्याच्या बैठकीचे वर्णन थोडक्यात उरकता येईल. आधी जागेनुसार याद्या होतात आणि मग टॅकल विरुद्ध रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) असे वाद सुरू होतात. त्यात व्यावसायिक संघ त्या जागेला किती किंमत देतात याचा विचार होतो, म्हणूनच रनिंग बॅक मंडळी अलीकडे यादीच्या माथ्यावर क्वचित असतात. मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्तीची ऑफर दिली, की मुलाचे गुण वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो पूर्णपणे गैर नाही, कारण त्या प्रशिक्षकांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिलेले असू शकते. पण ऑफर येण्यापूर्वीचा आपला गुण नोंदलेला असावा आणि तीन-चार वर्षांनी तो ताडून पाहावा. संख्याशास्त्र शिकलेल्यांना इथे खरा वाव आहे.

या सगळ्याचा उपयोग तरी किती? जे. जे. वॉट विस्कॉन्सिनमधला दोन ताऱ्यांचा टाइट एंड, म्हणजे आक्रमणातला खेळाडू, होता. आधी सेंट्रल मिशिगनमध्ये जाऊन, मग शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिन विद्यापीठात येऊन तो बचावफळीत खेळला आणि पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू तीनदा ठरला. जॉश ॲलनला हायस्कूल संपताना एफबीएसची एकही ऑफर नव्हती. रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजातून तो वायोमिंगला गेला आणि २०१८ मध्ये सातव्या क्रमांकाने निवडला गेला. अशी उदाहरणे देऊन तारे निरुपयोगी आहेत असे म्हणणारे खूप भेटतील. पण पाच ताऱ्यांच्या मुलांमधून व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दोन ताऱ्यांच्या मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे, म्हणजे गटाबद्दलचा अंदाज बराच खरा ठरतो. वॉट आणि ॲलन या दोघांचीही शरीरे हायस्कूलनंतर भरली, हे त्यांच्या कथांमधले आपल्या कामाचे तथ्य आहे.

बाजारही बदलला आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आले, जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयातील समझोत्यानंतर विद्यापीठे त्यांना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. संघाची मर्यादाही १०५ खेळाडूंची झाली. तयार खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून उचलता येत असताना हायस्कूलच्या मुलासाठी तीन वर्षे थांबायला कोणी सहज तयार होत नाही. त्यामुळे ‘हा दुसऱ्या वर्षी खेळेल का?’ हा प्रश्न आता अहवालात सरळ विचारला जातो. दुसरीकडे, खेळाडू-निवडीचे विभाग वाढले आहेत. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये अँड्र्यू लक या आपल्या जुन्या क्वार्टरबॅकला फुटबॉलचा जनरल मॅनेजर नेमले, तसे पद आता बऱ्याच ठिकाणी दिसते.

नियमांची ओळख पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. खासगी स्काउटिंग सेवेने सर्व विद्यापीठांना तीच माहिती त्याच दराने द्यायची असते. २०१० मध्ये ओरेगन विद्यापीठाने टेक्ससमधल्या एका स्काउटला पंचवीस हजार डॉलर दिले आणि त्या प्रकरणात २०१३ मध्ये विद्यापीठावर कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएएची कारवाई झाली. खेळाडू अल्पवयीन असतात, हेही विसरू नये. संपर्क शाळेच्या प्रशिक्षकामार्फत करावा, घरची परिस्थिती आणि दुखापती यांविषयीच्या कानगोष्टी अहवालात येऊ देऊ नयेत. गुणपत्रिका मात्र जरूर विचारावी, कारण एनसीएएच्या पहिल्या विभागात खेळण्यासाठी सोळा मुख्य विषय आणि किमान २.३ सरासरी लागते, आणि त्याअभावी चार ताऱ्यांची मुलेही अडतात.

एफ-१ व्हिसावर आलेल्यांसाठी एक व्यावहारिक बाब. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, आणि फुटबॉल कार्यालय आवारातच असते. सुरुवातीचा मोबदला तुटपुंजा असतो आणि शनिवार-रविवार आपले नसतात. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, बारा महिने सर्वांना मिळतात, पण आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ विज्ञान-तंत्रज्ञान गटातल्या पदव्यांनाच मिळते. क्रीडा व्यवस्थापनाची पदवी बहुधा त्या गटात बसत नाही, संख्याशास्त्राची बसते. प्रवेश घेण्यापूर्वीच हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावे.

अर्जासोबत मानांकनाच्या याद्या पाठवू नयेत. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू झाला, की जवळच्या दोन-तीन शाळांचे सामने तिकीट काढून पाहावेत आणि मोजक्या, पण वेगवेगळ्या जागांवर खेळणाऱ्या खेळाडूंचे पूर्ण अहवाल तारखांसह लिहावेत. त्यांत निदान एक अहवाल असा असावा, की ज्यातला मुलगा कोणाच्याच यादीत नाही आणि तो कोणत्या पातळीवर खेळू शकेल हे तुम्ही कारणे देऊन मांडले आहे. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी हायस्कूलच्या खेळाडूंच्या विद्यापीठांशी करारांवर सह्या होतात, त्याच सुमारास मुख्य प्रशिक्षकांच्या बदल्याही होतात, आणि नवे प्रशिक्षक आपापली माणसे जमवू लागतात. नव्या नेमणुका बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत होतात, तेव्हा अर्ज त्याच काळात पोहोचेल असा पाठवावा.