आलेखातली लाट दात्याची की प्रोबची?

मॉड्यूल २ चा (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप), ३२ दात्यांचा हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांचा गिअर मोजणी यंत्रावर होता. वेळ वाचवायला स्कॅनिंगचा, म्हणजे यंत्राचा स्पर्शक (प्रोब) दात्यावरून फिरवण्याचा वेग वाढवला आणि प्रोफाइलच्या (दात्याच्या उंचीतल्या वळणाच्या) आलेखात बारीक लाट दिसू लागली. ग्राइंडिंगवाल्यांवर खापर फोडण्याआधी तोच फ्लँक (दात्याची बाजू) निम्म्या वेगाने मोजला. लाट खरोखर दात्यावर असती तर तिची शिखरं त्याच जागी राहिली असती. इथे लाटांमधलं अंतर बदललं, म्हणजे थरथर प्रोबची होती. कारण साधं होतं: लांब, बारीक स्टायलस (प्रोबची टोकाला गोळी असलेली दांडी). आखूड आणि जाड दांडीचा, १ मिमी रूबी गोळीचा लावला, कॅलिब्रेशन पुन्हा केलं. (स्टायलस बदलून जुनंच कॅलिब्रेशन वापरणारे कमी नाहीत!) लाट गेली.

वेळ दुसरीकडे वाचवला. प्रोफाइल आणि लीड (दात्याच्या लांबीतली दिशा) सावकाश, पण समान अंतरावरच्या चारच दात्यांवर, दोन्ही फ्लँकवर. पिच (शेजारच्या दात्यांमधलं अंतर) मात्र सगळ्या दात्यांवर. तिथे प्रत्येक फ्लँकवर एकच स्पर्श पुरतो, म्हणून दात्यादात्यांमधली हालचाल वेगात चालते.

त्याआधी मँड्रेलचा (गिअर ज्या दांड्यावर बसवतात त्याचा) रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डुलतो ते, डायल गेजने बघायचंच. एका फेरीत डायलचा काटा १० मायक्रॉन हलला तर एकत्रित पिच त्रुटीत (दात्यादात्यांगणिक साठत जाणाऱ्या चुकीत) साधारण तेवढीच भर पडते, तीही खोटी. दाते पुसलेले हवेत. तेलात चिकटलेला कीस आलेखात टोचल्यासारखा एकच काटा काढतो.