ईबुक काढायचंय? आधी मोबाईल हातात घ्या

मराठीत ईबुक काढायला आता पैसे लागत नाहीत, खर्च अगदी शून्यावर आणता येतो. पण आपल्याकडं लोक काय करतात तर छापील पुस्तकाची पीडीएफ काढतात, चार ग्रुपवर टाकतात आणि मग म्हणतात मराठी माणूस वाचतच नाही. वाचणार कसा ओ? ए-फोरचं पान सहा इंची स्क्रीनवर, प्रत्येक ओळ बोटानं डावीकडं-उजवीकडं सरकवायची, लातूरवरनं अंबाजोगाईला निघालेल्या एसटीत बसलेला माणूस दुसऱ्याच पानावर बंद करून रील बघायला लागतो. किंडल म्हणजे ॲमेझॉनचं ईबुक वाचायचं मशीन, ते आपल्या भागात हातावर मोजण्याएवढ्या लोकांकडं, बाकी सगळा कारभार मोबाईलवर. म्हणून पुढचं सगळं सांगताना मी एकच गोष्ट धरून बसणारे, की मजकूर असो, कव्हर असो नाहीतर किंमत, दहा हजारवाल्या मोबाईलवर बघितल्याशिवाय फायनल करायचं नाही.

विषय निवडताना हात आखडता घ्या. "मोसंबी लागवड: संपूर्ण मार्गदर्शन" असलं नाव बघून अंबड-घनसावंगीकडचा बागायतदार पुढं जातो, कारण संपूर्ण मार्गदर्शन त्याला यूट्यूबवर फुकट मिळतंय. तेच "आंबिया बहारातली फळगळ: पाणी, खत आणि चुका" असं साठ-सत्तर पानांचं काढलं तर तो थांबतो, कारण त्याची फळं आत्ता गळायलेत. कथा-कवितांचं पण तेच, "माझ्या कविता" कुणाला नको असतात (वाईट वाटून घेऊ नका, माझ्या पण नको असतात), पण ऊसतोडीच्या फडावरच्या सहा महिन्यांच्या कथा म्हटलं की बीड, धारूर, केजकडचा वाचक स्वतःहून विचारतो. गावाचा इतिहास, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, रझाकाराच्या काळातल्या घरातल्या आठवणी, हे आपल्याकडं पोत्यानं पडलेलं आहे आणि प्रकाशक त्याला हात लावत नाही. ईबुकला पाचशे प्रती छापायची अट नसती, त्यामुळं अडीचशे वाचकांचं पुस्तक पण चालतं.

आता टायपिंग, आणि इथंच थोडा वेळ बसू, कारण मराठी ईबुकं जास्त करून इथंच मरतात. तुमचा मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर मराठी मराठीच दिसंल अशा टायपिंगमध्ये. डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपी नाहीतर कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमधली फाइल आणली असेल तर ती तशीच अपलोड केली की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं नाचतात. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यातनं काढलेल्या मजकुरावर विश्वास ठेवू नका, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढं सरकलेली असती, रफार उडालेला असतो, अर्धा श पूर्ण होऊन बसतो. ओळ न ओळ वाचायलाच लागती, त्याला शॉर्टकट नाही.

नवीन लिहिणार असाल तर जीबोर्डवर मराठी कीबोर्ड लावा नाहीतर बोलून टाइप करा, गूगल डॉक्समध्ये बोललेलं बऱ्यापैकी उमटतं. फक्त आपली बोली त्याला झेपत नाही, "करायलेत" म्हटलं की ते काहीतरी तिसरंच लिहितं, आणि विरामचिन्हं सगळी नंतर हातानं.

एक खास मराठी भानगड सांगतो. "शेतकऱ्यांचा" हा शब्द आपल्या पुस्तकात पानापानावर येणार. हा दोन पद्धतीनं टाइप होतो, एकात खाली टिंब असलेला ऱ वापरतात आणि दुसऱ्यात साध्या र् नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सेम. पण सर्चला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळं पुस्तकात अर्धे एका पद्धतीनं आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीनं असले की वाचकानं शोधलं तर अर्धेच सापडतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे सरळ चूक, "शेतकर्यांचा", रफार य वर जाऊन बसलेला. हे शोधायला फाइलमध्ये "र्य" टाकून फाइंड करा, पण रिप्लेस ऑल चुकूनही दाबू नका, नाहीतर सूर्य, कार्य, आचार्य सगळ्यांची वाट लागंल. एकेक बघून बदलायचं. कंटाळवाणं आहे, पण "शेतकर्यांचा" दिसलं की जाणता वाचक तिथंच पुस्तकाची पत ठरवून टाकतो.

फाइल बनवताना प्रकरणाच्या नावाला हेडिंगची स्टाइल द्या, नुसतं बोल्ड करून मोठं करू नका. हेडिंग दिलं की अनुक्रमणिका आपोआप बनते आणि बोट लावलं की त्या प्रकरणावर जाता येतं. नवीन पानावर जायला दहा वेळा एंटर मारायची सवय सोडा, मोबाईलवर तिथं नुसती कोरी पानं दिसतात. परिच्छेद छोटे ठेवा, छापील पुस्तकातला अर्ध्या पानाचा परिच्छेद फोनवर तीन स्क्रीन खातो. मग गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूत डाउनलोडमध्ये ईपबचा (स्क्रीनप्रमाणं मजकूर जुळवून घेणारी ईबुकची फाइल) पर्याय आहे तो घ्या, लिब्रेऑफिसमधून पण ईपब निघतं. जास्त नटवायचं असेल तर सिजिल नावाचं सॉफ्टवेअर, आणि ॲमेझॉनसाठी त्यांचंच किंडल क्रिएट, सगळं फुकट.

आता जरा दुखणारी गोष्ट. आपल्या पुस्तकात सुरुवातीला काय काय असतं? अर्पणपत्रिका, मनोगत, कुठल्यातरी अध्यक्षांची प्रस्तावना, दोन शुभेच्छा, ऋणनिर्देशात पन्नास नावं. ऑनलाइन दुकानात वाचकाला फुकट नमुना मिळतो तो पुस्तकाच्या सुरुवातीचाच. म्हणजे ज्या जागेवर तुमचं पहिलं प्रकरण त्याला दिसायला पाहिजे होतं तिथं त्याला सत्कार समारंभ दिसतो. हे सगळं शेवटी टाका. प्रस्तावना देणारे सर नाराज होतील, होऊ द्या, त्यांचं नाव वर्णनात घाला.

कव्हरचा ॲमेझॉनचा आदर्श साइज २५६० बाय १६०० पिक्सेल, उंची जास्त, रुंदी कमी. कॅनव्हा ॲपमध्ये होऊन जातं. पण कव्हर दिसणार नखाएवढं, म्हणून नाव मोठं, शब्द कमी, आणि लेखकाचा फेटा बांधलेला फोटो नको. फॉन्ट बघून घ्या, पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, टिरो देवनागरी मराठी घेतला तर आपल्या वळणाचे येतात आणि तो फुकट आहे. बनवून झालं की स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि उघडू नका, चॅटमध्ये दिसतंय तेवढ्यातच नाव वाचता येतंय का बघा.

कुठं टाकायचं? ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे आपलं पुस्तक आपणच टाकायच्या साइटवर, मराठी चालतं, गूगल प्ले बुक्सवर चालतं, पुण्याचं बुकगंगा आहे, फुकटच वाटायचं असेल तर ई-साहित्य प्रतिष्ठान आहे, आणि कथा क्रमशः टाकून वाचक जमवायचे असतील तर प्रतिलिपी. खरा निर्णय एकच, केडीपी सिलेक्टमध्ये जायचं का नाही. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ईबुक दुसरीकडं कुठंही द्यायचं नाही, स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ विकायची पण नाही. बदल्यात किंडल अनलिमिटेडमध्ये (वर्गणी भरून पुस्तकं वाचायची ॲमेझॉनची सोय) वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात, ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, आणि भारतातल्या विक्रीवर ७०% रॉयल्टी (लेखकाचा वाटा) पाहिजे असेल तर सिलेक्टमध्ये असावंच लागतं, नाहीतर ३५%. ते ७० टक्के मोजायच्या आधी पण किमतीतनं फाइलच्या साइजप्रमाणं दर एमबीला ₹७ कापतात, म्हणजे फोटो भरभरून १० एमबीची फाइल केली की प्रत्येक प्रतीच्या किमतीतनं आधीच ₹७० गेले. फोटो बारीक करा.

माझं मत विचाराल तर कथा-कादंबरी सिलेक्टमध्ये टाका, कारण तिचा वाचक पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात असतो आणि त्याला किंडलची सवय असती. मोसंबीवालं पुस्तक मात्र सरळ यूपीआयवर विका, शेतकरी ॲमेझॉनवर पुस्तक विकत घेऊन मग वेगळं किंडल ॲप टाकून वाचंल ही अपेक्षाच चुकीची. तिथं क्यूआर पाठवायचा, पैसे आले की फाइल पाठवायची. पीडीएफच द्यायची असेल तर पान मोबाईलच्या आकाराचं करा, अक्षर मोठं. फाइल पुढं फॉरवर्ड होणारच, त्यावर रात्र जागवू नका, प्रत्येक पानाखाली तुमचं नाव आणि नंबर टाका, म्हणजे फॉरवर्ड झाली तरी जाहिरात होते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केडीपीच्या ईबुकला लागत नाही. पाहिजेच असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडनं ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. उलट दुसऱ्याचं घेताना जपा, लेखक वारल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. मुकुंदराज, दासोपंत, नामदेव मोकळे आहेत, पण कुणीतरी आत्ता संपादित केलेल्या आवृत्तीतल्या टिपा मोकळ्या नाहीत. मजकूर एआयनं तयार केला असेल तर केडीपी अपलोड करताना विचारतं, तिथं खरं सांगा.

अपलोड करताना सात कीवर्डच्या (वाचक शोधताना टाकतो त्या शब्दांच्या) जागा मिळतात. लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात, म्हणून त्यातल्या निम्म्या जागा तशा भरा. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीतच पुस्तकात काय आहे ते सांगा, "लेखकाचा जन्म एका शेतकरी कुटुंबात" नंतर.

मार्केटिंगला पुढाऱ्याच्या हस्ते प्रकाशन लागत नाही. सिलेक्टमध्ये असलात तरी पुस्तकाचा १०% भाग नमुना म्हणून बाहेर देता येतो, त्यातलं सगळ्यात चटका लावणारं दीड पान घ्या आणि व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून टाका, लिंक खाली. नुसती लिंक कुणी दाबत नाही. सुप्रभातच्या ग्रुपांवर टाकून पण उपयोग नाही, ज्याच्या कामाचं आहे त्याच्या ग्रुपवर टाका, बागायतदारांचे, माजी विद्यार्थ्यांचे, गावातनं बाहेर गेलेल्या पोरांचे. त्यासोबत पुस्तक कसं विकत घ्यायचं आणि कुठल्या ॲपमध्ये उघडायचं याचं एक मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग बोलून पाठवा, जाहिरातीपेक्षा याचा उपयोग जास्त.

तारीख साधा. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी असतील तर फुकटचे दिवस १७ सप्टेंबरला धरून लावा, त्या आठवड्यात सगळा मराठवाडा त्याच विषयावर असतो. कथा-कविता असतील तर २७ फेब्रुवारी नाहीतर १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, शाळा-कॉलेजांना त्या दिवशी कार्यक्रमाला माणूस पाहिजेच असतो, तुम्ही जा. शेतीचं असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचे शेतकरी मेळावे. २०२० ला उस्मानाबादला आणि २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसायची, अशा गर्दीत व्हिजिटिंग कार्डावर एका बाजूला कव्हर आणि दुसऱ्या बाजूला क्यूआर छापून वाटलं तर ते खिशात घरी जातं.

मावसभावाला पाच स्टार द्यायला लावू नका, घरच्यांचे आणि मित्रांचे रिव्ह्यू ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, काढून टाकतात. अनोळखी वाचकाला पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच विनंती करा.

पैशाचं: केडीपी महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी बँकेत टाकतं. खातं उघडताना टॅक्सचा फॉर्म येतो, तो घाबरून अर्धवट सोडू नका, पॅन नंबर घातला की भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५% कापतात, नाहीतर ३०%. आयकर रिटर्नमध्ये हे उत्पन्न दाखवा.

वाचक चुकांचे स्क्रीनशॉट पाठवतील, ते एका फोल्डरमध्ये साठवा आणि महिन्यातनं एकदा मूळ डॉक्समध्ये दुरुस्त करून नवी फाइल चढवा. ज्यांनी यूपीआयवर घेतलंय त्यांना ती नवी फाइल तुम्हीच पाठवायची, आणि पाठवताना पुढच्या पुस्तकाचा विषय पण विचारून घ्यायचा.