उन्हाळी शिबिरात ताई-दादा म्हणून काम करताय? मधल्या वेळेतल्या या चुका टाळा

शाळांच्या परीक्षा संपल्या की जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर जूनच्या अखेरीपर्यंत, शाळांची मैदाने, व्यायामशाळा, वाचनालये आणि सोसायट्यांची सभागृहे उन्हाळी शिबिरांनी भरून जातात. या शिबिरांना ‘ताई’ आणि ‘दादा’ लागतात. त्यांत महाविद्यालयातली मुले-मुली असतात, डी.एड. करून नोकरीची वाट पाहणारे असतात, नाटकाच्या ग्रुपमधले हौशी कलाकारही असतात. गेली बरीच वर्षे मी आधी ताई म्हणून आणि नंतर संयोजक म्हणून अशा शिबिरांत काम करते आहे. नव्या माणसांची तयारी मला बहुधा पक्की आढळते, पण ती फक्त उपक्रमांची असते. ओरिगामीचे कागद कापून ठेवलेले असतात, गाण्यांची वही असते, लगोरीच्या चकत्याही मोजून पिशवीत भरलेल्या असतात. मात्र शिबिर उपक्रमात क्वचितच बिघडते. ते बिघडते दोन उपक्रमांच्या मध्ये, म्हणजे मैदानावरून वर्गात येताना, हात धुण्याच्या रांगेत, डबा खाऊन झाल्यावरच्या वीस मिनिटांत आणि फाटकापाशी पालकांची वाट पाहताना. वेळापत्रकात या वेळांना नाव नसते, त्यामुळे त्यांची जबाबदारीही कोणाकडे दिलेली नसते.

वेळापत्रक फक्त उपक्रमांचे करणे

पंचेचाळीस मिनिटांचा मातीकामाचा तास आखला, तर सहा मुले वीस मिनिटांतच गणपती करून मोकळी होतात, चौघांचा हत्ती तास संपला तरी सोंडेपाशीच अडलेला असतो आणि उरलेल्यांना हात धुवायचे असतात. नळ दोनच असतील तर पंचवीस मुलांचे हात धुऊन व्हायला एका मुलामागे अर्धे मिनिट धरले तरी सहा-सात मिनिटे जातात. ही मिनिटे वेळापत्रकात धरलेली नसली, तर पुढचा उपक्रम उशिरा सुरू होतो, ताईचा आवाज चढतो आणि मोकळी झालेली मुले एकमेकांच्या अंगाला माती पुसू लागतात. म्हणून दर दोन उपक्रमांमध्ये दहा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि त्यांत काय करायचे तेही आधीच ठरवावे. नाव-गाव-फळ-फूल, भेंड्या, कोडी अशा साहित्याशिवाय जमणाऱ्या आणि कधीही थांबवता येणाऱ्या खेळांपैकी पाच-सहा तरी प्रत्येक ताई-दादाला येत असावेत. शिट्टीचा वापर मैदानापुरताच ठेवावा. वर्गात टाळ्यांचा एक ठरावीक ठेका धरला आणि मुलांनी तोच ठेका परत दिला, तर ओरडावे लागत नाही.

मुले न मोजता नेणे

एका शिबिरात, तेव्हा मी नवीनच होते, आम्ही एकेचाळीस मुलांना घेऊन शेजारच्या बागेत गेलो आणि परत येऊन थेट खाऊ वाटायला बसलो. राजगिऱ्याचे लाडू मोजून आणले होते आणि वाटून झाल्यावर ताटात एक लाडू उरला. त्या उरलेल्या लाडवाकडे पाहताना पोटात जो गोळा आला, तो मी अजून विसरलेले नाही. मुलगा बागेतच होता. चपलेचा तुटलेला अंगठा नीट करत तो घसरगुंडीमागे बसला होता आणि आपल्याला सोडून सगळे गेले आहेत, हे त्याला ठाऊकही नव्हते. धावत गेलेल्या दादाला तो शांतपणे म्हणाला, “दादा, पिन आहे का?”

आमचे चुकले ते हे की आम्ही मुले सकाळी हजेरीच्या वेळी मोजली आणि दिवसभर तोच आकडा गृहीत धरला. मोजणी जागा बदलताना करायची असते. निघण्यापूर्वी, पोहोचल्यावर, परत निघताना आणि परत आल्यावर अशी ती चार वेळा व्हायला हवी आणि मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगून दुसऱ्याकडून तपासून घ्यायला हवा. मुलांच्या जोड्या लावल्या की काम आणखी सोपे होते, कारण आपला जोडीदार कुठे आहे हे मुले ताईच्या आधी सांगतात. रांगेच्या पुढे एक मोठा माणूस हवाच, पण त्याहून महत्त्वाचा माणूस शेवटी चालतो. ती जागा सर्वांत नव्या मुलीला देण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. शेवटी अनुभवी माणूसच असावा.

ओळखीच्या चेहऱ्याकडे मूल सोपवणे

“मी तिचा काका, आज मी न्यायला आलोय,” असे कोणी म्हटले आणि मूलही हसत त्याच्याकडे धावले, तरी एवढ्यावर त्याला सोडू नये. न्यायला कोण कोण येऊ शकते, त्यांची नावे आणि फोन क्रमांक प्रवेशाच्या वेळीच संमतिपत्रावर लिहून घ्यावेत. यादीबाहेरचे कोणी आले, तर पालकांनी दिलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. समोरच्याने लावून दिलेल्या फोनवर बोलून समाधान मानू नये. खरे काका थोडे रागावतात, पण आईवडील कधीच रागावत नाहीत. सुटण्याच्या वेळी सगळे जण साहित्य आवरायला जातात आणि फाटकापाशी एकच दादा उरतो, हीदेखील नेहमीची चूक. फडके धुणे अर्ध्या तासाने केले तरी चालते.

उन्हाचा अंदाज स्वतःच्या तब्येतीवरून बांधणे

मैदानी खेळ सकाळी सात ते नऊ या वेळेत संपवावेत, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही पाहुणे प्रशिक्षक उशिरा आले की सत्र सरकते आणि अकरा वाजता मुले खो-खो खेळताना दिसतात. अशा वेळी सत्र पुढे न सरकवता ते रद्द करून सावलीत बैठे खेळ घ्यावेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान 40 अंश सेल्सिअस आणि किनारपट्टीवर 37 अंश गाठल्याशिवाय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, पण याचा अर्थ 35 अंशांवर धोका नाही असा होत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होण्याची वाटच बंद होते. खेळात रमलेले मूल पाणी मागत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून सर्वांना एकदम पाणी प्यायला लावावे. ‘तहान लागेल त्याने प्या’ ही सूचना लहान गटात निरुपयोगी ठरते.

जलसंजीवनीच्या बाबतीत तर हमखास घोळ होतो. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून मुलाला देणारे मदतनीस मी पाहिले आहेत. इतके दाट द्रावण अपायकारक असते. पाकिटावरचे माप पाहून तेवढ्याच पाण्यात ते विरघळवावे, आणि घरी करायचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा छोटा चमचा मीठ घ्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा त्याचे अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, ओल्या कापडाने अंग पुसत वारा घालावा आणि 108 वर फोन करावा. शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

मुलाने सांगितलेली गोष्ट ‘आपल्यातच’ ठेवणे

मुले महत्त्वाचे बोलतात तेही याच मधल्या वेळेत, बुटाची नाडी बांधून घेताना किंवा सगळे पुढे गेल्यावर मागे रेंगाळत. घरातल्या किंवा शेजारच्या कोणाच्या वाईट स्पर्शाविषयी मूल काही बोलले, तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण कायदा, 2012 याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा झाल्याचे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम 21 खाली स्वतंत्र गुन्हा ठरतो. मानधनावर महिनाभर आलेली ताईही यातून सुटत नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. मुलाला खोदून खोदून विचारू नये आणि खरेखोटे ठरवण्याच्या फंदात पडू नये. ते ज्या शब्दांत बोलले तेच शब्द लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी संयोजकांना सोबत घेऊन कळवावे. काय करावे हे सुचत नसेल, तर 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. याच कारणासाठी कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद दारामागे थांबू नये. स्वच्छतागृहाकडे दोन मुलांना एकत्र पाठवावे आणि ताईने बाहेर दिसेल असे उभे राहावे.

निवासी शिबिर म्हणजे लांबलेले दिवसाचे शिबिर, असे समजणे

किल्ला चढणे, दोरावरून उतरणे असे उपक्रम घेणाऱ्या संस्थेने राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, हे काम स्वीकारण्यापूर्वी विचारावे. सह्याद्रीच्या पायथ्याशी मुक्काम असेल, तर सकाळी बूट झटकूनच घालायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. विंचू किंवा साप चावल्यास जखम कापणे, घट्ट दोरी आवळणे यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. सर्वांत जवळचे कोणते आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का, याची चौकशी शिबिरापूर्वीच केलेली हवी. मुले दिवसा मजेत असतात, पण दिवे मालवल्यापासून झोप लागेपर्यंतच्या अर्ध्या तासात त्यांना घर आठवते. त्या अर्ध्या तासात ताई-दादा दिवसाचा आढावा घ्यायला बाहेर बसतात. आढावा उशिरा घ्यावा, आधी कोणीतरी आत बसून हलक्या आवाजात गोष्ट सांगावी.

मानधन तोंडी ठरवणे

‘रोज तीन तास’ असे सांगून बोलावले जाते, पण तासभर आधी सतरंज्या घालणे, नंतर आवरणे आणि उशिरा येणाऱ्या पालकांसाठी थांबणे धरले तर तीनाचे पाच तास होतात. हे तास धरले आहेत की नाहीत, प्रवासखर्च व साहित्याचा खर्च कोण देणार आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार, हे शिबिरापूर्वी संदेशावर का होईना लिहून घ्यावे. मागायला संकोच वाटतो, हे खरे आहे. पण सांगता समारंभाच्या संध्याकाळी, संयोजक पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलेले असताना तो विषय काढणे त्याहून अवघड जाते.