आयबुप्रोफेनचे मायक्रोस्फिअर्स: पुण्याच्या प्रयोगशाळेत करताना

मायक्रोस्फिअर म्हणजे साधारण 1 ते 1000 मायक्रोमीटर व्यासाचा गोल कण. त्यातील पॉलिमरमध्ये औषध विखुरलेले असते आणि तेथून ते सावकाश बाहेर पडते. कण शरीरात कोठे पोहोचणार हे पॉलिमरइतकेच आकारावरही अवलंबून असल्याने बीकर हाती घेण्याआधी आकार ठरवावा. यकृताच्या कर्करोगात धमनीतून सोडले जाणारे किरणोत्सारी यट्रियम-90 युक्त काचेचे कण 20 ते 30 मायक्रोमीटरचे असतात, कारण त्यांनी गाठीच्या बारीक वाहिन्यांत अडकून राहणे अपेक्षित असते. येथे दिलेली कृती तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी आहे, त्यामुळे काहीशे मायक्रोमीटरचे कण चालतील. येथे वापरलेला पॉलिमर, इथाइल सेल्युलोज, शरीरात विघटित होत नाही; टोचायच्या औषधासाठी ते वापरू नये.

प्रथम 0.5 टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे 100 मिलीलिटर द्रावण तयार करावे. ही पूड थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या धरते. म्हणून थंड ऊर्ध्वपातित पाण्यात ती ढवळत विखरून मग पाणी 80 ते 90 अंशांपर्यंत तापवावे आणि द्रावण पूर्ण निवू द्यावे. आयबुप्रोफेन आम्लधर्मी असल्याने कणांबाहेरचे हे पाणी उदासीन राहिले तर बरेच औषध त्यातच विरघळून जाते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून पीएच 3 च्या आसपास आणल्यास ही गळती कमी होते. औषध कमी भरले गेले की पॉलिमरचे प्रमाण बदलत बसण्याची सवय असते; माझ्या मते आधी पीएच तपासावा.

दुसऱ्या बीकरमध्ये 250 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि 500 मिलिग्रॅम इथाइल सेल्युलोज 10 मिलीलिटर डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवावे. हे काम धूर-कपाटातच करावे. स्टरर मिनिटाला 1000 फेऱ्यांवर ठेवून हे द्रावण बारीक धारेने आधी तयार केलेल्या पाण्यात सोडावे आणि दोन ते तीन तास ढवळत राहावे. वेग वाढवला की कण लहान होतात. मात्र पाती काठाला टेकली किंवा मध्यापासून सरकली, तर आकारांत मोठी तफावत पडते.

पुण्याचा उन्हाळा येथे आडवा येतो. डायक्लोरोमिथेन सुमारे 40 अंशांना उकळते, आणि एप्रिलच्या दुपारी वातानुकूलन नसलेली खोली त्या अंशांच्या फार दूर नसते. द्रावक झपाट्याने उडाला की कण सच्छिद्र आणि वेडेवाकडे होतात व औषध लवकर सोडतात. म्हणून बीकर 20 ते 25 अंशांच्या पाण्यात ठेवावा किंवा प्रयोग सकाळी उरकावा. पावसाळ्यात अडचण वाळवण्याची असते. कण गाळून, थंड पाण्याने धुऊन 35 अंशांखाली वाळवावेत आणि सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावेत. धुणे टाळल्यास पृष्ठभागावर चिकटलेले औषध पहिल्याच तासात सुटते आणि नियंत्रित मोचनाचा (औषध सावकाश सुटण्याचा) आलेख सुरुवातीलाच उसळतो.

मोचन-चाचणी 37 अंशांना, 7.2 पीएचच्या 900 मिलीलिटर फॉस्फेट बफरमध्ये घ्यावी आणि 221 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण मोजावे. बारीक कण चाचणी-यंत्राच्या बास्केटच्या जाळीतून निसटत असल्याने त्याऐवजी पॅडल (ढवळणारी पाती) वापरावे. कण तरंगू लागल्यास बफरमध्ये 0.02 टक्के ट्वीन 80 (कण ओले करणारा पृष्ठक्रियाशील पदार्थ) मिसळावे. दर वेळी काढलेल्या नमुन्याइतका ताजा, 37 अंशांचाच बफर परत घालावा आणि काढून घेतलेल्या औषधाची बेरीज गणितात न विसरता धरावी.