लहानग्यांसाठी स्प्रेचा डबा घेताना

बेळगावच्या खडेबाजारात माझं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान आहे. कडेवर बाळ घेऊन आलेली आई सनस्क्रीनचा स्प्रे मागते, तेव्हा मी आधी डब्यामागची बारीक अक्षरं वाचायला लावते. ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन दिसलं की समजा, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्याच जातीचा वायू दाबाने भरलाय. कातडीवरून तो चटकन उडतो. धोका आहे तो श्वासाचा आणि आगीचा. कोंदट खोलीत बराच वायू छातीत गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून मुलाच्या तोंडावर थेट फवारू नका. अंगणात या, आपल्या तळहातावर घ्या, वायू उडू द्या, मग चोळा.

खानापूरकडच्या कितीतरी घरांत न्हाणीतच चूल पेटलेली असते. तिथे डबा नेऊच नका, समईजवळही नको. ५० अंशांवर तापू देऊ नये असं डब्यावरच छापलेलं असतं, आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. रिकामा डबाही जाळू नका, भोसकू नका.

खरं सांगू? लहान मुलांना लोशन किंवा साधा पंप पुरतो. चुकून वायू हुंगून पोर गुंगलं, तर मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.