पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनो, उमेदवारीतल्या या चुका टाळा

वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या विभागात, काम करताना दर काही महिन्यांनी नवी मुलंमुली शिकायला यायची. कुणाची वाक्यं लांबलचक, कुणाचा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, चौथ्या परिच्छेदात दडलेला. त्याची मला कधीच फारशी चिंता वाटली नाही. कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहायला शिकवता येतं. चिंता वाटायची ती वेगळ्या गोष्टींची: एकही फोन न करता ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं लिहिणं, किंवा कार्यक्रमाला न जाता प्रेसनोटवरून ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ बातमी करणं. या सवयी उमेदवारीत लागल्या की पुढे सुटत नाहीत.

मोठ्या नावाची वाट पाहणं

नामांकित वर्तमानपत्रात किंवा वाहिनीवर इंटर्नशिप मिळेल तेव्हाच अनुभव सुरू होईल, असं समजून वर्ष वाया घालवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणारं वॉटरगेट प्रकरण उघड करणाऱ्या दोघा बातमीदारांपैकी एक, बॉब वुडवर्ड, १९७०मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात दोन आठवड्यांच्या चाचणीत नापास झाले होते. मग ते वॉशिंग्टनजवळच्या ‘माँटगोमेरी सेंटिनल’ या छोट्या साप्ताहिकात गेले, तिथे वर्षभर बातम्या लिहिल्या आणि १९७१मध्ये ‘पोस्ट’मध्ये परतले. ज्या घरफोडीतून ते प्रकरण सुरू झालं, ती वॉटरगेट इमारतीतली घरफोडी झाली जून १९७२मध्ये.

छोटी जागा निवडताना एकच चौकशी करा: माझी कॉपी कोण तपासणार? जिथे लिहिलेलं जसंच्या तसं जातं, तिथे बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, भरपूर मिळते, पण शिकायला फार थोडं मिळतं. जिथे कॉपी लाल होऊन परत येते, तिथे टिकून राहा. तुम्ही दिलेली कॉपी आणि छापून आलेली बातमी शेजारी ठेवून वाचा आणि उपसंपादकाने काय काढलं ते बघा. बहुतेकदा विशेषणं गेलेली असतात.

काम कुणी देतच नसेल तर असाइनमेंटची वाट पाहू नका. एखादा विषय धरा, दर आठवड्याला त्याचा फॉलोअप ठेवा. ‘काही काम आहे का?’ असं विचारण्यापेक्षा ‘ही बातमी आहे, या तिघांशी बोललो आहे, करू का?’ असं विचारणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

बायोडेटा फुगवणं

जॅनेट कुक या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदार. सप्टेंबर १९८०मध्ये त्यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची बातमी लिहिली आणि १९८१मध्ये तिला पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार जाहीर झाला. तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. हे उघड झालं ते त्यांच्या बायोडेटातून. पुरस्कारानंतर छापून आलेल्या शिक्षणाच्या तपशिलांत त्यांच्या आधीच्या वर्तमानपत्राला विसंगती दिसली, चौकशी सुरू झाली आणि बायोडेटापाठोपाठ बातमीही कोसळली. पुरस्कार परत करावा लागला.

तेव्हा तीन लेखकांनी मिळून केलेल्या बातमीपुढे फक्त आपलं नाव लावू नका. दोन आठवडे बसून पाहिलेल्या कामाला ‘वार्ताहर म्हणून अनुभव’ म्हणू नका. पोर्टफोलिओत पाच कात्रणं असली तरी चालतात. प्रत्येकाखाली आपण नेमकं काय केलं ते एका ओळीत लिहावं.

आपण कोण हे नीट न सांगणं

विद्यार्थी ही चूक हेतुपुरस्सर करत नाहीत, म्हणूनच ती जास्त होते. वर्गातल्या प्रकल्पासाठी म्हणून मुलाखत घेतली जाते, ती चांगली झाली म्हणून पुढे एखाद्या संकेतस्थळाला दिली जाते, आणि ज्याने विश्वासाने घरातली गोष्ट सांगितली त्याला ती शेजाऱ्याच्या फोनवर वाचायला मिळते. सुरुवातीलाच नाव, आपण विद्यार्थी आहोत हे, आणि मजकूर कुठे जाणार हे सांगा. जागा बदलली तर पुन्हा फोन करून विचारा. नकार आला तर तो मान्य करा.

दुःखात असलेल्या माणसाकडे जाताना तर घाई मुळीच नको. रेकॉर्डर किंवा कॅमेरा आधी बाहेर काढू नका. बोलायची इच्छा आहे का, हे विचारा. नसेल तर नंबर लिहून द्या आणि निघा. माझा अनुभव असा, की ज्याला जाऊ दिलं तो माणूस पुष्कळदा दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करतो.

‘ऑफ द रेकॉर्ड’चा घोळ

‘हे ऑफ द रेकॉर्ड आहे’ ही अट बोलण्याआधी, दोघांच्या संमतीने ठरते. पण प्रत्येकाच्या डोक्यात तिचा अर्थ निराळा असतो. कुणाला वाटतं, माहिती छापा पण नाव नको. कुणाला वाटतं, काहीच छापू नका. म्हणून नुसतं मान डोलावू नका. ‘हे तुमचं नाव न देता वापरू, की अजिबात वापरू नको?’ असं स्पष्ट विचारा. बोलून झाल्यावर ‘हे छापू नका’ म्हणणारा मंत्री आणि पहिल्यांदाच पत्रकाराशी बोलणारी, घाबरलेली कामगार बाई, यांना एकाच मापाने मोजू नये. अशा वेळी संपादकाला विचारा, एकट्याने ठरवू नका. आणि एकदा शब्द दिला की बातमी हातची गेली तरी तो पाळायचा.

अवतरणचिन्हांत आपले शब्द घालणं

वाक्य ‘सुंदर’ करायचा मोह होतोच. अवतरणचिन्हांत फक्त बोललेलं येतं. बाकीचं आपल्या शब्दांत, ‘त्यांनी सांगितलं की’ असं लिहावं. रेकॉर्डिंग झालंच नाही असं लक्षात आलं, तर त्याच क्षणी कुठेतरी बसून आठवेल ते सगळं उतरवा, मग त्या व्यक्तीला फोन करून तपासून घ्या. तपासता आलं नाही त्याला अवतरणचिन्हं लावू नका.

एआयने केलेला मजकूरही असाच तपासावा लागतो. मे २०२५मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’सोबतच्या पुरवणीत वाचनासाठी पुस्तकांची यादी छापून आली. लेखक खरे होते, पण बरीचशी पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती.

छोट्या वाटणाऱ्या बाबी

नाव ऐकून लिहू नका, त्यांनाच वहीत लिहायला सांगा. डेडलाइन चुकणार असेल तर ती चुकायच्या आधी कळवा. मित्राची किंवा नातेवाइकाची मुलाखत घेणार असाल तर संपादकाला आधी सांगा. न्यूजरूममध्ये कानावर आलेलं समाजमाध्यमावर टाकू नका.

चूक लपवणं

चूक सगळ्यांकडून होते. ती कळताच सांगायची, आणि सांगताना तीन गोष्टी द्यायच्या: काय चुकलं, बरोबर काय आहे, आणि ते बरोबर असल्याची खात्री कशी केली. कारणं नंतर.

एकदा रात्री साडेअकराला शिकाऊ मुलीचा फोन आला. घरी पोहोचल्यावर तिने वही पुन्हा चाळली होती. अपघाताच्या बातमीत मृत तरुणाच्या जागी तिने त्याच्या भावाचं नाव लिहिलं होतं. आवाज थरथरत होता, पण तिन्ही गोष्टी तिने नीट सांगितल्या. रुग्णालयात फोन करून नाव पक्कंही केलं होतं. पान छपाईला जायला वीस मिनिटं होती. आम्ही ते थांबवलं आणि नाव बदललं. महिन्याभराने संपादकांनी विचारलं, यातलं कुणाला ठेवून घ्यावं? मी तिचं नाव सांगितलं.